आज्जी काहीच का टाकत नाही?

प्रिय सई,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आज्जी काहीच का टाकत नाही? आपण गरीब आहोत का?" मी ड्युटीवर निघालो होतो, म्हणून आज मस्कतहून सविस्तर लिहितोय. गरीब नाही गं आपण. आणि आज्जी चिक्कूही नाही. दारी आलेल्या माणसाला ती नारळ, आमसुलं दिल्याशिवाय सोडत नाही, हे तू रोज बघतेस.

गुहागरला आपल्या वाडीत वस्तूचं एक काम संपलं की तिला दुसरं मिळतं. झावळांचंच बघ. ती विणून झाप करतात, ते उन्हाळाभर अंगणातल्या मांडवावर असतात. मिरगाआधी मांडव उतरवला की त्यातलेच धड झाप पडवीला उभे बांधायचे, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. तू पत्ते खेळत बसतेस त्या कोपऱ्याला ते लावलेत. पाऊस सरला की कुजके झाप वाळवून न्हाणीच्या चुलीत. राखेतली थोडी भांडी घासायला, बाकीची माडाच्या आळ्यात.

जी झावळं विणत नाहीत त्यांचे हीर, म्हणजे पातीच्या मधल्या काड्या, काढतात. हे तू शिकच. पातीचं टोक डाव्या हातात धरायचं, सुरी हिरावरून सरळ ओढायची, दोन्हीकडची पात सुटते. हीर वाळले की मूठभर घेऊन बुडखे जमिनीवर आपटून सारखे करायचे आणि सुंभाने करकचून बांधायचे. झाला अंगणाचा खराटा. आज्जीने बांधलेला खराटा वर्षभर तरी सुटत नाही.

रातांब्याची सालं आमसुलांना गेली तरी बिया राहतात. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तूप येतं, तेच मुठेल. आज्जी रात्री टाचांना लावते ते. भाजीच्या वाफ्याभोवतीचं कुंपण म्हणजे बंदरावरचं जुनं जाळं. तू पांघरतेस त्या गोधडीत माझ्या आज्जीची लुगडी आहेत.

प्लास्टिकचं मात्र वेगळं. आज्जी दुधाच्या पिशव्या धुऊन, भोकं पाडून त्यांत मिरीची रोपं लावते, ते उत्तम. पण फाटलेल्या पिशव्या ती चूल पेटवायला घेते, त्याने माझा जीव कासावीस होतो. तो धूर तिच्याच छातीत जातो, आणि ती राख माडालाही चांगली नाही. फाटक्या पिशव्या वेगळ्या गोणीत भर, भंगारवाला आला की देऊन टाक. मी कितीदा सांगितलं तरी ती ऐकत नाही, तुझं ऐकेल.

आणि हीर काढताना सुरी अंगापासून लांब ओढ.

तुझा,
बाबा