फणेरपेटीला पॉलिश करायचं का?

प्रश्न: सासूबाईंची एक लाकडी फणेरपेटी (फणी-कुंकू ठेवायची पेटी) माझ्याकडे आली आहे. जेमतेम दीड वीत लांब, खाली चार कातलेले पाय, झाकणाच्या आत पारा उडालेला आरसा. बाहेर लाल रंगावर फुलांची वेल आणि समोरासमोर दोन मोर. सासूबाईंचं माहेर सावंतवाडीचं. मोरांचा निळा रंग आता हिरवट दिसतो, एका कोपऱ्याचे टवके उडालेत. जुन्या वस्तू घेणारा एक जण म्हणाला, हे चिनी लॅकर आहे. ओळखीचे सुतार घासून नवं पॉलिश करून देतो म्हणतात. मुलगा विचारतो, एवढ्याशा पेटीत आहे तरी काय? मला सांगता येत नाही, पण ती माळ्यावर टाकायला मन होत नाही. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, सुतारांना आजच फोन करून नको म्हणून सांगा. बाकीचं सावकाश वाचा.

माझंही माहेर सावंतवाडीचं. आमच्याकडे एक रंगवलेला पाट होता, मुंजीला नि केळवणाला तेवढा बाहेर निघायचा. माझ्या लग्नाआधी घराला रंग काढला, तेव्हा वडिलांनी हौसेनं तो पॉलिशवाल्याकडे दिला. त्यानं नेहमीच्या सवयीनं आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायला घेतला. बोळा लाल झाला, मग हिरवा. मी शेजारी उभी होते. ओरडेपर्यंत अर्धी वेल गेली होती. आमच्या घरात आज तो पाट आहे, पण त्याच्याकडे बघवत नाही.

असं का झालं, ते कळलं की तुमचे बाकीचे प्रश्नही सुटतील. आमच्या पाटावर लाखेचा हात होता. आपली लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्याची राळ. ती स्पिरिटमध्ये विरघळते आणि उष्णतेनं मऊ होते. चीन-जपानचं लॅकर म्हणजे एका झाडाचा चीक. तो दमट हवेत धरतो आणि एकदा धरला की स्पिरिटला दाद देत नाही. युरोपातला ‘लॅकर’ हा शब्द आपल्या ‘लाख’वरूनच गेला आणि पुढे त्या चिकालाही तोच चिकटला, म्हणून असे घोळ होतात. तुमचं वर्णन वाचून मला पेटी सावंतवाडीच्या लाखकामातलीच वाटते, पण नक्की सांगायला फोटो हवेत. स्पिरिट लावून घरी परीक्षा मात्र घेऊ नका.

ते चार पाय नीट पाहा. कातावर लाकूड फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनंच लाख वितळून लाकडाला धरते आणि मग केवड्याच्या पानानं दाबून तिला तुळतुळीत करतात. चित्राचं काम वेगळं: लाकडावर खडूचा लेप, त्यावर बारीक कुंचल्यानं रंग आणि सगळ्यात वर राळेचा पातळ हात. मोर हिरवट दिसतात ते या वरच्या हातामुळे. तो वयाप्रमाणे पिवळा पडतो आणि पिवळ्यातून पाहिलेला निळा हिरवा दिसतो. खालचा निळा बहुधा जागेवर आहे. घासलात तर आधी लाख जाईल, मागोमाग मोर. शिवाय जुन्या कामात हिंगूळ आणि हरताळ हे रंग असू शकतात, म्हणजे पारा आणि सोमल (आर्सेनिक), दोन्ही विषारी. त्यांची धूळ घरात उडवायची नसते.

आता मुलाच्या प्रश्नाचं. कपाट आपण चार हात लांबून बघतो. फणेरपेटी मांडीवर घ्यावी लागते. तिच्यावरचं चित्र वीतभर अंतरावरून रोज बघण्यासाठी काढलेलं, आणि तेही कुंकू लावताना, वेणी घालताना, घरातल्या बाईनं बघण्यासाठी. दरबारासाठी गंजिफांचे, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांचे, १२० पानांचे दशावतारी डाव रंगवणारे चितारीच असे पाट, चौरंग, पेट्याही रंगवत. ही कला अगदी विझत आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. मुलाला एकदा सावंतवाडीला न्या, राजवाड्यात ही कामं हातानं होताना दाखवा. परत आल्यावर पेटी त्याच्या हातात द्या आणि काही बोलू नका.

पेटी पुसायची ती कोरड्या, मऊ कुंचल्यानं, टवक्यांच्या बाजूला तेवढी जपून. ओलं फडकं नको, खोबरेल नको, आणि तिच्यावर चहाचा कप तर कधीच ठेवू नका, पांढरं वर्तुळ उमटतं. खिडकीतलं ऊन टाळा. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, धुवट मलमल पुरे. पायाशी ताजा भुसा दिसला तर कीड चालू आहे, मग पेटी इतर लाकडापासून लगेच वेगळी ठेवा. आरसा बदलू नका. सासूबाईंनी त्यातच पाहिलं आहे. डोंबिवलीहून मुंबई जवळच आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे, कोपऱ्याबद्दल तिथे विचारा.

आणि उडालेले टवके सापडले असतील तर फेकू नका, गोंदानं चिकटवूही नका. कागदी पाकिटात घाला, कुठल्या कोपऱ्याचे ते वर लिहा, आणि पाकीट पेटीतच ठेवा.