ड्राय म्हणजे बिघडलेली का?

प्रश्न : भाच्यानं नाशिकहून सोव्हिन्यो ब्लाँ वाईनची बाटली आणली, लेबलवर ड्राय लिहिलंय, पण अंगूरची असून गोड काहून नाही? बिघडली तर नाही ना? (एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही भाऊ. रसातली जवळपास सगळी साखर यीस्ट खाऊन टाकते, तिचं अल्कोहोल होते, म्हणून ती ड्राय, म्हणजे गोड नसलेली. बिघडली असती तर सिरक्यासारखा वास मारला असता. सोव्हिन्यो ब्लाँ ही अंगूरची जात मूळची फ्रान्सची, तिथल्या ल्वार नदीकाठच्या सान्सेरची पांढरी वाईन हिचीच, पण नाशिक जवळपास 600 मीटर उंच अन् हिवाळ्यात रात्री गार, म्हणून तिथंही आंबटपणा टिकतो. चांगली थंड करा, ग्लास नाकाजवळ न्या, कापलेल्या गवताचा, ढोबळी मिरचीचा वास येईल, मला तो फार आवडतो! सावजी रश्श्यासोबत मात्र नका घेऊ, तळलेली मासोळी चालते.