तीन भागांच्या कादंबरीसाठी स्क्रिव्हनरमधला कोणता टेम्पलेट घ्यावा?

गिरणगावातल्या एका कुटुंबाच्या तीन कादंबऱ्या, काळ १९७५ ते २००५, आणि स्क्रिव्हनर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमधला टेम्पलेट कुठला, असं तुम्ही विचारलंय. ‘नॉव्हेल विथ पार्ट्स’ घ्या आणि त्यातलं निम्मं पुसून टाका. तीन पुस्तकांचे तीन प्रोजेक्ट मात्र अजिबात करू नका.

प्रोजेक्ट एकच. मॅन्युस्क्रिप्टच्या आत प्रत्येक पुस्तकाचं एक फोल्डर, त्यात प्रकरणं, आणि प्रत्येक प्रसंगाची वेगळी फाइल. प्रकाशकाला द्यायची वेळ आली की कंपाइलच्या, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक फाइल बनवण्याच्या, खिडकीत फक्त त्या पुस्तकाचं फोल्डर निवडता येतं, सरमिसळ होत नाही. तीन प्रोजेक्ट केलेत तर पात्रांच्या नोंदींच्याही तीन प्रती होतात. दुरुस्ती एकीत होते, दोन तशाच राहतात, आणि तिसऱ्या भागात आत्या भावापेक्षा लहान होते.

पात्राच्या तयार तक्त्यात रंगरूप, सवयी, अंतर्गत संघर्ष, बाह्य संघर्ष असे रकाने असतात. संघर्षाचे रकाने आधी काढा. तिथे चार ओळी लिहिल्या की काम झाल्यासारखं वाटतं आणि प्रसंग कोरडा राहतो. मालिकेला लागतं ते वेगळंच: जन्मतारीख (वय लिहू नका, ते दर भागात बदलतं), कुठल्या साली कुठल्या चाळीत, कुठल्या खात्यात नोकरी आणि ती कधी गेली, कुठली गोष्ट त्याला कधी कळली. आणि कोण कोणाला काय हाक मारतं. हा रकाना कुठल्याच तयार टेम्पलेटमध्ये मला दिसलेला नाही, पण मराठी कादंबरीत तो नसेल तर पहिल्या भागात सासूला ‘आई’ म्हणणारी सून दुसऱ्या भागात ‘सासूबाई’ म्हणते, आणि दिराला ‘अहो भाऊजी’ की ‘अरे’ हे प्रकरणागणिक बदलतं. नातं बदलल्यामुळे हाक बदलली असेल तर कुठल्या प्रसंगापासून, तेही तिथेच लिहा.

हा तक्ता टेम्पलेट शीट्सच्या फोल्डरमध्ये ठेवा म्हणजे नवीन पात्र त्यावरूनच तयार होईल. एक अडचण आहे: मूळ तक्त्यात नंतर रकाना वाढवला तर आधी केलेल्या पात्रांच्या पानांत तो आपोआप येत नाही. म्हणून दोन-तीन पात्रांवर तक्ता तपासा, मगच बाकीची पानं करा.

ठिकाणांच्या पानावर ‘त्या साली नाव काय’ हे हवंच. व्हीटीचं सीएसटी १९९६ साली झालं, म्हणजे निवेदन बदलेल, पण तुमची पात्रं पुढेही व्हीटीच म्हणतील. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी थेट २०१८ साली झालं, तुमच्या तिन्ही भागांत ते येताच कामा नये.

प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये कस्टम मेटाडेटात (प्रसंगाला जोडायच्या आपल्या नोंदींत) ‘घडल्याची तारीख’ हा रकाना करा आणि आउटलायनरमध्ये, म्हणजे प्रसंगांच्या तक्तेवजा यादीत, तो स्तंभ कायम उघडा ठेवा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू, १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोट, २६ जुलै २००५ ला तो पाऊस. संपाआधी महिनाभर जन्मलेली मुलगी स्फोटांच्या वेळी अकरा वर्षांची असते. तिला त्या दिवशी कॉलेजातून घरी आणायचा मोह स्तंभ समोर असला की होत नाही.

नावं शोधताना सावध राहा. ‘गोऱ्हे’मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला एकच, संगणकाला वेगळा, एका प्रकाराने शोधलं तर दुसरा सापडत नाही. ‘सुधा’ शोधून ‘सुधेने’ही हाती लागत नाही. पात्राच्या नावाचा कीवर्ड प्रसंगाला लावा आणि कीवर्डवर शोधा. कंपाइल करताना देवनागरी फॉण्ट स्वतः निवडा, कारण तयार मांडण्या आपापले रोमन फॉण्ट लादतात.

‘टेम्पलेट आलं की लेखन साचेबद्ध होतं’ हे मराठी लेखकांकडून फार ऐकावं लागतं. कथानकाच्या टेम्पलेटबद्दल मला ते मान्य आहे. तीन अंक, मध्यबिंदू, कळस या चौकटीत १९८२ चा संप बसवूनच दाखवा. तो अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही, त्याला कळस कुठला? पण नोंदींच्या टेम्पलेटला हा आक्षेप लावणं म्हणजे आळसाला तत्त्वाचं नाव देणं. तपशील चुकला की चाळीत वाढलेला वाचक पुस्तक मिटतो, आणि त्याचं बरोबर असतं.

बॅकअप आपोआप होतात, पण मुळात शेवटचे पाचच राहतात. फाइल बिघडल्यावर पाच वेळा उघड-मीट केलीत तर चांगली प्रत गेलीच. संख्या २५ करा आणि जागा वेगळ्या डिस्कवर द्या. प्रोजेक्ट म्हणजे प्रत्यक्षात अनेक छोट्या फाइलींचं फोल्डर असतं, त्यामुळे ड्रॉपबॉक्समधून दोन संगणकांवर वापरत असाल तर सिंक पूर्ण झाल्याशिवाय दुसरीकडे उघडू नका.

हे सगळं मालिकेसाठी. एकच दीडशे पानी कादंबरी असेल तर वर्डमधली शीर्षकं आणि नॅव्हिगेशन पेन पुरतात, पैसे घालवू नका. आणि लोकलमध्ये अँड्रॉइड फोनवर लिहायचा बेत असेल तर स्क्रिव्हनर त्यावर चालत नाही. साध्या नोट्समध्ये लिहा आणि घरी आल्यावर त्या-त्या प्रसंगात चिकटवा.