छायाचित्रणाची पदवी : उपयोग किती, तयारी कशी?

प्रश्न : मला विद्यापीठात छायाचित्रणाचा पदवी अभ्यासक्रम करायचा आहे. घरच्यांचे म्हणणे असे की, कॅमेरा चालवणे आंतरजालावरही शिकता येते. त्यासाठी तीन-चार वर्षे कशाला घालवायची? या पदवीचा व्यवसायात खरोखर उपयोग होतो का आणि शिकत असताना पुढची तयारी कशी करावी?

उत्तर : घरच्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. भिंगाचे छिद्र (ॲपर्चर) आणि शटर यांचा मेळ घालणे, दिवा दुप्पट अंतरावर नेला की प्रकाश साधारण चौथाई उरतो हे जाणून प्रकाशयोजना करणे, रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ प्रतिमेवर, संस्करण करणे, ही कौशल्ये सरावाने येतात. ग्राहकही सहसा प्रमाणपत्र विचारत नाही. तो काम पाहतो.

विद्यापीठात मिळते ती एकाच विषयाला दीर्घकाळ चिकटून राहण्याची सवड आणि ते काम भीडभाड न ठेवता तपासणारे शिक्षक व सहाध्यायी. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत १९७६ पासून छायाचित्रकार बर्न्ट बेखर शिकवत असत. ते आणि त्यांच्या पत्नी हिला पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या यांसारख्या औद्योगिक वास्तूंची छायाचित्रे शक्यतो ढगाळ हवेत, म्हणजे गडद सावल्या पडणार नाहीत अशा उजेडात, सारख्याच चौकटीत घेत आणि ओळीने शेजारी शेजारी मांडत. एकेकटे पाहता रुक्ष वाटणारे हे चित्र इतरांच्या शेजारी आले की आकारांतील बारीक फरक डोळ्यांत भरतात. त्यांच्या वर्गातून आंद्रेआस गुर्स्की, थॉमस रूफ, कँडिडा ह्योफर असे छायाचित्रकार घडले, पण त्यांपैकी कोणाचेही काम गुरूची नक्कल वाटत नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी स्टुडिओतील सामग्रीची यादी वाचण्यापेक्षा अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रदर्शन पाहावे. सगळ्यांची कामे एकाच हाताची वाटत असतील, तर तो अभ्यासक्रम टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांचा संच, शेवटच्या सत्रासाठी राखून ठेवू नये. छायाचित्रांच्या लहान प्रती काढून टेबलावर पसराव्यात. एकाच व्यक्तीच्या दोन चौकटींत केवळ मान किंचित वळलेली असेल, तर त्यांतील एक निर्दयपणे काढून टाकावी. जे टिपताना फार कष्ट पडले, ते छायाचित्र काढून टाकणे सर्वांत जड जाते. पाहणाऱ्याला मात्र त्या कष्टांची कल्पनाही नसते.

कलाशिक्षणात बहुधा दुर्लक्षित राहतो तो व्यवहार. छायाचित्र देताना आपण बहुतेक वेळा त्याच्या वापराचा परवाना देत असतो. तेव्हा ते कोणत्या माध्यमात, किती काळ आणि कोणत्या प्रदेशात वापरले जाईल, हे लेखी ठरवल्याशिवाय मोबदल्याचा आकडा सांगू नये. स्वामित्वहक्काविषयीचे कायदे देशागणिक वेगळे असल्याने करारातील ते कलम सहीपूर्वी नीट वाचावे. सुट्टीत एखाद्या व्यावसायिकाकडे मदतनीस म्हणून राहिल्यास दरपत्रक, ग्राहकाशी बोलणी आणि फाइलींच्या सुरक्षित प्रती ठेवण्याची शिस्त, हे सारे जवळून पाहायला मिळते. शिवाय छायाचित्र-संपादन, रिटचिंग, संग्रहालयीन दस्तऐवजीकरण ही कामेही याच शिक्षणावर उभी राहतात.

शुल्कासाठी मोठे कर्ज काढावे लागणार असेल, तर मात्र माझे उत्तर बदलते. सुरुवातीच्या वर्षांत या व्यवसायातील उत्पन्न अनियमित असते, हप्ते मात्र दरमहा येतात. अशा वेळी कमी खर्चाचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम आणि त्याला मदतनीसाच्या कामाची जोड, हा पर्याय अधिक शहाणपणाचा ठरेल.