बॅरल वाईस मागवायच्या आधी तुझी रायफल कशी जोडलीय ते बघ

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. म्हणजे टेक्सासला असलेला तुझा चुलतभाऊ गॅरेजमध्ये त्याच्या रेमिंग्टन ७०० ची बॅरल बदलतोय, दिवाळीला येताना तुलाही बॅरल वाईस (बॅरल, म्हणजे नळी, घट्ट धरणारा शिकंजा) आणि ॲक्शन रेंच (बॅरल जिच्यात बसते ती ॲक्शन फिरवायचा पाना) आणू का विचारतोय, आणि तुला ते डोंबिवलीला घरी तुझ्या जुन्या अन्शुट्झ .२२ (बारीक गोळीच्या) रायफलवर वापरायचंय, कारण जूनच्या शेवटापासून ५० मीटरवर ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) पसरलाय. मी वरळीच्या रेंजवर वीसेक वर्षं .२२ मारतेय, ज्युनियर मुलांच्या रायफली रोज हातात येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाच.

पहिलं म्हणजे ते अवजार तुझ्या रायफलला लागूच होत नाही. फोटोवरून तुझी ६४ ॲक्शन दिसतेय, तिची बॅरल आट्यांची नाहीच, ती ॲक्शनमध्ये दाबून बसवलेली असते आणि आडवी पिन मारून पक्की केलेली असते. ती रेंच लावून फिरवायला गेलास तर सुटणार नाही, पिन वाकेल, नाहीतर ॲक्शन पिळवटेल. सगळ्या रायफली सारख्या नसतात रे. रेमिंग्टन ७०० ला आटे, सॅव्हेजला आटे आणि वर एक नट, सीझेड ४५७ ला दोन ग्रब स्क्रू, रूगर १०/२२ ला व्ही ब्लॉक आणि दोन एलन स्क्रू. म्हणून बॅरल धरलीय कशाने हे आधी शोधायचं आणि मग अवजाराचं नाव काढायचं, यूट्यूबवर बरोबर उलटं चालतं.

दुसरं, आणि हे मी कळकळीने सांगतेय. आपल्याकडे आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ मध्ये फायरआर्म बनवणं, विकणं यांच्याच रांगेत दुरुस्ती पण आहे, त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं. तुझ्याकडे रायफल बाळगायचं लायसन्स आहे, दुरुस्तीचं नाही. आणि फायरआर्मच्या व्याख्येत तिचे पार्टसुद्धा येतात, तेव्हा भावाला "येताना एक बॅरलच टाक ना बॅगेत" असं चुकूनही सांगू नकोस, एअरपोर्टवर तोही अडकेल आणि तूही. एवढ्या मेहनतीने मिळवलेलं लायसन्स असं घालवायचं नसतं.

भावाच्या कामाबद्दल मात्र मनापासून सांगते, कारण त्याच्याकडे हे घरी करता येतं आणि तो बहुतेक स्वस्तातलं काहीतरी उचलणार असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतंय. त्याला सांग की या कामात फिरवणं सोपं असतं, धरणं अवघड. फॅक्टरीची बॅरल बरीच वर्षं बसलेली असते, ती सुटताना सगळा जोर वाईसच्या पकडीवर येतो. वाईस जाड बोल्टांचा हवा, बॅरलच्या मापाचे ॲल्युमिनियमचे बुश (बॅरलभोवती बसणारी गोल कवचं) हवेत आणि बुश नि बॅरलच्या मधे राळेची पूड. हो, आपली राळच, वाण्याकडे मिळते ती. एका लायसन्सवाल्या गनस्मिथकडे मी समोर उभी राहून बघितलंय, आधी नुसतं बुशमध्ये धरलं तर बॅरल चकाकत गोल फिरली आणि तिच्यावर एक पुसट रेघ उठली, मग त्याने चिमूटभर राळ टाकली, बोल्ट आवळले, हँडलला झटका दिला आणि टक्क करून असा आवाज आला की मला वाटलं काहीतरी तुटलं. तुटलं काही नव्हतं, आटे सुटले होते. आणि वाईस ज्या टेबलावर बसवलाय ते टेबल जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने घट्ट हवं, नाहीतर टेबलच फिरतं (आपल्या फ्लॅटमध्ये हे कुठे करणार होतास तेही मला कळलं नाही).

ॲक्शन रेंच दोन प्रकारचे. एक बाहेरून, पुढच्या रिंगला कवटाळणारा, आणि एक मागून आत घालायचा, रायफलच्या बोल्टच्या (गोळी आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) जागी. जुनी घट्ट बॅरल काढायला बाहेरचा घ्यावा, कारण तो आट्यांच्या जवळ धरतो आणि मधली ॲक्शन पिळली जात नाही. आतला वापरायचाच तर ज्याची पकड पुढे लग्जच्या (बोल्टच्या टोकाशी अडकणाऱ्या दातांच्या) जागेपर्यंत पोचते तोच. पाईप पाना बॅरललाही नको आणि ॲक्शनला तर नकोच नको. मी एकदा सेकंडहँड एअर रायफल एका वर्कशॉपमध्ये दिली होती, तिथल्या माणसाने बॅरल सरळ वाईसच्या दातांत धरली, ते दातांचे व्रण आजही बोटाला लागतात आणि ती रायफल पुन्हा कधी पहिल्यासारखी लागली नाही, तेव्हापासून मी बॅरलचं कुठलंही काम चालू असलं की समोरून हलत नाही.

बसवताना तो नटवाली प्रीफिट (आधीच मापात कापून आलेली) बॅरल घेतोय ना, ते बरं, लेथ लागणार नाही. पण मग हेडस्पेस (बंद बोल्टपासून चेंबरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या खोबणीत, काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) त्याच्या हातात आला आणि तिथे गेज (माप तपासायचा ठोकळा) शिवाय अजिबात नाही. .३०८ काडतुसाचा गो गेज १.६३० इंचाचा, नो-गो १.६३४ चा, मधला फरक सुमारे ०.१ मिलिमीटर, साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीएवढा. गो वर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गो वर नाही. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर आधी काढायचे, नाहीतर स्प्रिंगचा दाब हाताला लागतो आणि बोल्ट गेजवर टेकलाय का स्प्रिंगवर तेच कळत नाही. ७०० ला ॲक्शन आणि बॅरलच्या मधे रिकॉइल लग (गोळीचा धक्का दस्त्यावर घेणारी पट्टी) चेपलेला असतो, नट आवळताना तो तिरका फिरतो, त्याला सरळ धरायचं छोटं जिग मिळतं, ते घ्यायला लाव. नट आवळल्यावर गेज परत लावून बघायचाच, कारण आवळताना माप थोडं सरकतं. आट्यांना अँटीसीझ (आटे चिकटू न देणारं ग्रीस) लावायचं म्हणजे पुढच्या वेळी झटापट नाही.

आता तुझा ग्रुप. खरं सांगू का, मला तुझ्या बॅरलवर शंकाच नाहीये. .२२ मध्ये शिशाची गोळी आणि प्रेशर कमी, बॅरल इतक्यात झिजत नाही. तू लिहिलंयस स्टॉक (दस्ता) लाकडी आहे आणि बिघाड जूनच्या शेवटी सुरू झाला. आठव तेव्हा काय सुरू झालं? पाऊस. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, ॲक्शन बेडिंगमध्ये (स्टॉकमधल्या तिच्या बैठकीत) वेगळी बसते, स्क्रूचा ताण बदलतो आणि ग्रुप उघडतो. दरवर्षी जुलैमध्ये दोन-तीन मुलं माझ्याकडे "ताई, बॅरल गेली" म्हणत येतात आणि बहुतेकांचं हेच निघतं.

म्हणून तुझे पैसे टॉर्क स्क्रू ड्रायव्हरवर घाल, इंच-पाउंडवाला किंवा न्यूटन मीटरवाला कुठलाही चालेल, १ न्यूटन मीटर म्हणजे ८.८५ इंच-पाउंड. नागदेवीला (मुंबईतला अवजारांचा बाजार) दोन-चार दुकानं फिर, कमी रेंजचा माग, गाडीच्या चाकाचा टॉर्क पाना देतील तो घेऊ नकोस, तो एवढ्या कमी जोरावर खरं सांगतच नाही. एलन कीचा बिट चांगल्या पोलादाचा घे, कडा गोल झालेला बिट स्क्रूचं डोकं खातो. रायफल रिकामी आहे ना ते बघायचं, बोल्ट बाहेर, मग दोन्ही ॲक्शन स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. माझ्या ॲल्युमिनियम स्टॉकवर मी ५ न्यूटन मीटर ठेवते, लाकडाला त्याहून कमी लागू शकतं, तेव्हा ४ पासून सुरू कर, प्रत्येक पायरीला पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप, वहीत तारीख आणि त्या दिवशी पाऊस होता का तेही लिही.

उरलेल्या पैशात बॅरल साफ करायचा एक अखंड कोटेड रॉड आणि बोर गाईड (रॉड सरळ आत नेणारी नळी). जोडाजोडीचा रॉड फेकून दे, त्याच्या सांध्याच्या कडा आतून घासतात. साफ नेहमी चेंबरकडून करायचं, तोंडाकडून रॉड घातलास तर क्राऊन (बॅरलच्या तोंडाची कड) घासतो आणि गोळी शेवटी तिथूनच सुटते. चेंबरच्या पुढे काळं कडक कडं साठलंय का ते पॅच (साफ करायची चिंधी) ओढताना हाताला कळेल, पहिल्या दोन इंचात अडखळल्यासारखं होतं. पावसात रेंजवरून आल्यावर रायफल कव्हरमध्ये तशीच ठेवू नकोस, ओल आत कोंडते, पुसून, हलकं तेल फिरवून उघडी ठेव आणि मग कपाटात कुलूप लावून.

हे सगळं करूनही ग्रुप तसाच राहिला तर दुसऱ्या लॉटच्या गोळ्या मारून बघ, साईटचे स्क्रू बघ, आणि मगच लायसन्सवाल्या गनस्मिथकडे जा. गेलास की त्याला "बॅरल बदला" म्हणू नकोस, "क्राऊन आणि चेंबर बघा, पिन ढिली आहे का सांगा" असं म्हण आणि समोर बसून राहा. वही घेऊन जा बरोबर, आणि त्याआधी टार्गेटचे फोटो इथे टाक, टॉर्कचा आकडा प्रत्येकावर लिहून, मी बघते.