वाचकांचे प्रश्न : फोनमधली छुपी पाळत

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची निघाली. ती थोडी संक्षिप्त करून, ओळख पटेल असा तपशील वगळून येथे देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची असून अकरावीत आहे. प्रवेश परीक्षेचा क्लास दादरला असल्यामुळे आठवड्यातून चार दिवस ती संध्याकाळी लोकलने जाते आणि घरी यायला साडेनऊ होतात. शेजारच्या बाईंनी मला एका ॲपची माहिती दिली. ते मुलीच्या फोनमध्ये टाकले तरी तिला दिसत नाही, आणि तिचे व्हॉट्सॲप, कॉल, ठावठिकाणा असे सगळे माझ्या फोनवर येते. फोन माझ्या पैशाचा, सिम माझ्या नावावर, मुलगी कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची. मग तिची परवानगी घेण्याचा प्रश्न येतोच कुठे? — एक आई, मुलुंड

उत्तर : साडेनऊपर्यंत दाराकडे डोळे लावून बसणे काय असते, हे मुंबईतल्या कोणत्याही आईला समजावून सांगावे लागत नाही. तुमच्या काळजीविषयी म्हणूनच मला काही म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते तुम्ही दिलेल्या तीन कारणांविषयी.

फोनच्या पावतीवर तुमचे नाव आहे, पण पावतीने फार तर उपकरणाची मालकी ठरते. त्यावरून झालेल्या बोलण्याची मालकी ठरत नाही. सिमचेही तेच. राहिले मुलीचे अज्ञान असणे. कायद्याने तुम्ही तिच्या पालक आहात, आणि अठरा वर्षांखालील मुलीच्या फोनवर आईने लक्ष ठेवणे हाच गुन्हा आहे असे थेट सांगणारे कलम आपल्याकडे नाही, तेव्हा मी तुम्हाला उगाच भीती घालणार नाही. मात्र सोळा वर्षांच्या मुलीच्या व्हॉट्सॲपमध्ये एकटी तीच नसते. तिच्या मैत्रिणीने घरातल्या भांडणाविषयी, आजारपणाविषयी, कुणाविषयी वाटणाऱ्या ओढीविषयी विश्वासाने लिहिलेले असते, आणि त्या मैत्रिणीच्या पालक तुम्ही नाही. तिच्या वतीने होकार देण्याचा अधिकार तुम्हाला कुठून येणार?

दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची आहे. गूगलच्या प्ले स्टोअरवर पालकांसाठी देखरेखीची ॲप आहेत, पण आपले अस्तित्व लपवणाऱ्या ॲपना तेथे मज्जाव आहे; देखरेख चालू असल्याची सूचना त्या फोनवर सतत दिसली पाहिजे, असा नियम आहे. त्यामुळे शेजारणीने सुचवलेल्या प्रकारची ॲप बाहेरून उतरवून घ्यावी लागतात. त्यांच्या सूचना एकदा शांतपणे वाचून पाहा. सुरुवातीलाच ‘प्ले प्रोटेक्ट’, म्हणजे घातक ॲप पकडणारी फोनमधली गूगलची तपासणी, बंद करायला सांगितलेले असते, मग अनोळखी ठिकाणाहून ॲप घेण्याची मुभा द्यायला लावतात, आणि शेवटी ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात, जिच्या आधारे पडद्यावरचे जवळजवळ सगळे वाचता येते. म्हणजे मुलीच्या सुरक्षिततेसाठी तिच्या फोनचे राखणदार आपणच एकेक करून रजेवर पाठवायचे! शिवाय तिचे फोटो आणि ठावठिकाणा थेट तुमच्याकडे येत नाही. तो आधी कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. अमेरिकेतल्या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये स्पायफोन नावाच्या अशाच एका ॲपच्या कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला पाळतीच्या धंद्यातून बाहेर काढले, आणि चोरून गोळा केलेली माहिती पुसून टाकायला लावली. माहिती सांभाळण्याचे साधे उपायही त्या कंपनीने केले नव्हते, हा आक्षेपांपैकी एक होता. आपल्याकडच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्येही अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास काही अपवाद सोडून मनाई आहे. मात्र ती कंपन्यांना आहे, घरातल्या घरात आईने केलेल्या गोष्टीला हा कायदा लागूच होत नाही. तेव्हा येथे तुम्हाला अडवणारा कायदा नाही. निर्णय तुमच्या विवेकावर सोडलेला आहे.

माझे मत विचाराल तर कायद्याने तिची परवानगी लागत नसली, तरी तिला माहीत असणे मात्र लागते. तुम्हाला हवे काय आहे? ती सुखरूप निघाली, कुठवर आली, इतकेच ना? मग व्हॉट्सॲपवरचे लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास असे मुदतीने देता येते. क्लासच्या दिवशी तिने निघताना आठ तासांचे चालू करावे, आणि तुम्हीही ऑफिसातून निघताना आपले तिला पाठवावे. दोघींनी दिलेले असले की ती पाळत राहत नाही. एक पूर्वसूचना मात्र देऊन ठेवते : पावसाळ्यात शीव-कुर्ल्याच्या मध्ये गाडी उभी राहिली, किंवा गर्दीत नेटवर्क गेले, की नकाशावरचे तिचे चित्र अर्धा-अर्धा तास एकाच जागी थिजलेले दिसेल. तेव्हा वीस फोन करू नका. तिला फोन उचलायला हातही मोकळा नसतो.

प्रश्न : लग्नाला चार वर्षे झाली. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला मिस्टरांनी मला फोन भेट दिला आणि त्याचा पिन दोघांनी मिळून ठरवला. गेले काही महिने मी कुठे गेले, कुणाशी बोलले हे त्यांना न सांगता कळते. परवा बहिणीला व्हॉट्सॲपवर लिहिलेले माझे एक वाक्य त्यांनी रात्री जेवताना सगळ्यांसमोर जसेच्या तसे म्हणून दाखवले. विचारले तर म्हणाले, ‘‘नवरा-बायकोत कसली आलीय प्रायव्हसी? पिन तूच तर दिलास.’’ मी फोन फॉर्मेट करू का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : लगेच फॉर्मेट करू नका, आणि या विषयाचा कोणताही शोध त्या फोनवर घेऊ नका. फोन पुसला तर ॲप जाईल, पण पुरावाही जाईल. आणि पाळत ठेवणाऱ्याला आपण उघडे पडलो हे कळले, की घरातले वातावरण बिघडायला वेळ लागत नाही. मारहाणीची किंवा धमकीची थोडी जरी शंका असेल, तर आधी राहण्याच्या सुरक्षित जागेचा आणि विश्वासातल्या एका माणसाचा विचार करा, फोनचा नंतर.

पुष्कळदा असे ॲप नसतेच. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा. एका खात्याला चारपर्यंत जोडउपकरणे लावता येतात. फोन हाती लागला आणि पिन ठाऊक असला, तर दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर तुमचे व्हॉट्सॲप उघडायला अर्धा मिनिट पुरतो. त्या यादीत तुम्ही न जोडलेला एखादा ब्राउझर आणि त्यापुढे ‘शेवटचे सक्रिय’ म्हणून काल रात्रीची वेळ दिसली, तर जेवणाच्या ताटावरच्या त्या वाक्याचा उलगडा तेथेच झाला. त्याचा स्क्रीनशॉट काढू नका, कारण तो त्याच फोनच्या गॅलरीत पडेल. बहिणीच्या फोनने फोटो काढा. तसेच गूगल खात्यातली जोडलेल्या उपकरणांची यादी, नकाशावरचे लोकेशन शेअरिंग, आणि सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी व डिव्हाइस ॲडमिन (ॲपला फोनवर जादा ताबा देणारी सोय) यांची परवानगी कुणाकुणाला आहे ते पाहा. छुपी ॲप तेथे ‘सिस्टीम सर्व्हिस’सारखी निरुपद्रवी नावे धारण करून बसतात.

आता पिनविषयी. तुम्ही तो दिलात, हे खरे. फोन वाजला तर उचलता यावा, ओटीपी पाहता यावा म्हणून दिलात. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवली म्हणजे त्यांनी आपल्या कपाटातली पत्रे वाचावीत असा त्याचा अर्थ होत नाही. वर उल्लेख केलेल्या २०२३ च्या कायद्यात संमतीची व्याख्या आहे : ती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असले पाहिजे. नवरा-बायकोच्या घरगुती बाबींना हा कायदा लागू नाही. पण मोजपट्टी म्हणून मला ती फार उपयोगी वाटते. तुम्ही उद्या पिन बदललात तर काय होईल, हा प्रश्न मनाशी विचारा. ‘रामायण होईल’ असे उत्तर आले, तर ती संमती आज उरलेली नाही.

खासगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. रोजच्या कामाची कलमे त्याहून साधी आहेत. स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पुरुषाने पाळत ठेवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत, पुढच्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ‘नवरा वगळून’ असे शब्द त्या कलमात नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली अप्रामाणिकपणे किंवा कपटाने दुसऱ्याच्या संगणकात, म्हणजे फोनमध्येही, विनापरवानगी शिरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ‘‘फोन मीच घेतलाय’’ हा बचाव येथे हमखास पुढे येतो. त्यावर दोन उत्तरे आहेत. कायदा मालकाबरोबर ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याचीही दखल घेतो. आणि भेट दिलेली जंगम वस्तू हाती सोपवली की भेट पूर्ण होते, त्या दिवाळीपासून फोन तुमचाच आहे.

एका गैरसमजाविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात तो हल्ली रोज ऐकू येतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नीचे चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरू दिले. तेव्हापासून बायकोच्या चॅटची छापील बाडे बगलेत मारून, ‘‘आता कोर्टानेच परवानगी दिलीय’’ असे म्हणत येणारे पक्षकार मला भेटतात. तशी परवानगी कुणी दिलेली नाही. पुरावा न्यायालयाने पाहावा की नाही हा एक प्रश्न, आणि तो मिळवताना गुन्हा झाला की नाही हा दुसरा. ही फोडही नवी नाही. मुंबईच्या एका कॉरोनरवरील, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरील, लाचेच्या खटल्यात, मलकानी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच टेलिफोनवरचे ध्वनिमुद्रण गैरमार्गाने मिळाले असले तरी ग्राह्य धरता येते असे म्हटले होते. आणि २०२५ च्या निकालातही पती-पत्नी एकमेकांवर हेरगिरी करू लागले असतील तर नाते मोडल्याचेच ते लक्षण आहे, अशी नोंद आहे. त्या निकालाचा आधार घेऊन बायकोचे व्हॉट्सॲप वाचणाऱ्याने तेवढी ओळही वाचावी.

पोलीस ठाण्यात ‘घरातला मामला आहे, मिटवून घ्या’ हे ऐकण्याची तयारी ठेवा, आणि कलम ७८ कागदावर लिहून न्या. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते, अर्थात दुसऱ्या फोनवरून. मुंबई पोलिसांची महिलांसाठीची हेल्पलाइन १०३ आणि राज्याची १८१ आहे. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश मागता येतो. वकिलाच्या फीची चिंता असेल तर स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. एवढे झाल्यावर नवा फोन, नवे गूगल खाते, आणि तुम्ही एकटीने ठरवलेला पिन.

प्रश्न : मी कुरिअरचे पार्सल पोहोचवतो. शेठनी माझ्या स्वतःच्या फोनमध्ये ॲप टाकायला लावले. रविवारी सुट्टीला मी गावी होतो तरी सोमवारी त्यांनी गावाचे नाव सांगितले. नोकरीला लागताना इंग्रजी फॉर्मवर सही केली होती. — साकीनाका

उत्तर : न वाचता आलेल्या फॉर्मवरची सही ही माहितीपूर्ण संमती नव्हे. नोकरीच्या कामापुरती माहिती संमतीशिवायही वापरण्याची मुभा २०२३ च्या कायद्याने मालकाला दिलेली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून बहुतेक तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. पण रविवारी तुम्ही गावी होतात की नव्हतात, याचा पार्सलशी काही संबंध मला दिसत नाही. सेटिंग्जमध्ये त्या ॲपची लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ वरून ‘ॲप वापरताना’ वर आणा. ड्युटी संपली की ॲप बंद करा. शेठ हरकत घेतील, तेव्हा भांडू नका. फॉर्मची प्रत मराठीत मागा, आणि ड्युटीसाठी कंपनीचा वेगळा फोन द्या असे व्हॉट्सॲपवर लिहूनच विचारा, म्हणजे विचारल्याची तारीख राहील.