नुकतीच रंगवलेली जुनी होंडा सिटी व्हीटेक प्रोजेक्ट म्हणून घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे : बजेट अडीच लाख, २००१ ची सिटी व्हीटेक बघितलीय, इंजिन धूर देतंय म्हणून मालक किंमत उतरवतोय, बॉडी मात्र नुकतीच रंगवून चकाचक केलीय. घ्यावी का, आणि कोल्हापुरात इंजिनचं काम कुठं करावं?

इंजिनचा धूर ही त्या गाडीची सगळ्यात छोटी अडचण आहे. मला भीती वाटते ती ‘नुकतीच रंगवून’ या दोन शब्दांची.

ही गाडी स्पोर्ट्स कार आहे की नाही, यावर वाद घालणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका. चार दरवाजे आहेत म्हणून काय झालं? दीड लिटरचं इंजिन, १०६ हॉर्सपॉवर आणि टनभर वजनाची गाडी. त्या काळी आपल्याकडं बनणाऱ्या गाड्यांत तिच्या पुढं जाणारी गाडी शोधावी लागायची. ती मनात भरली असेल तर तुमची आवड चांगली आहे.

मी अशीच एक घेतली होती, २००२ ची. जानेवारी २०२० मध्ये, एक लाख पस्तीस हजारांना, महामार्गालगतच्या एका गाळ्यातून. ‘पुण्याची गाडी, एकहाती, डॉक्टरांची’ असं सांगितलं गेलं. लाल रंग असा मारला होता की तोंड दिसावं. बरोबर माझे दाजी होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं इंजिन बोरिंगचं वर्कशॉप आहे आणि तीस वर्षं इंजिनंच बघत आलेला हा माणूस. त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइलची कॅप काढून वास घेतला, रेस देऊन सायलेन्सरवर हात धरला आणि म्हणाले, “घे. रिंगा गेल्यात, बाकी दम आहे.” मी म्हटलं, दाजी, खालनं एकदा बघूया, जॅक लावूया. त्यावर ते म्हणाले, “पत्र्याचं काय घेऊन बसलाईस? पत्रा बाजारात किलोवर मिळतो. इंजिन बोललं की गाडी बोलली.”

मी जॅक लावला नाही. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं स्वतःशी घोकतोय.

इंजिनच्या बाबतीत दाजींचा शब्द अन् शब्द खरा ठरला, हे आधी मान्य करतो. लॉकडाऊन उठल्यावर जूनमध्ये त्यांनी इंजिन उतरवलं. कॅम कव्हर काढल्यावर कोपऱ्यात राखाडी चिकट लगदा सापडला, तो त्यांनी बोटावर घेऊन बघितला आणि काही न बोलता पुसून टाकला. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले, हेड फेसिंग केलं, व्हॉल्व्ह लॅप केले, बेअरिंग, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट सगळं नवं. एक बुश कुठंच मिळेना, तर शेजारच्या टर्नरनं चहा गार व्हायच्या आत करून दिला. हे कोल्हापूरच आहे. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या इंजिनांची कास्टिंग निघतात, उद्यमनगरात त्यांना आकार देणारे हात बसलेत. तुम्ही विचारता इंजिनचं काम कुठं करावं. उद्यमनगरात कुठल्याही बोळात शिरा, काम होतं.

व्हीटेकबद्दल एवढं सांगतो. प्रत्येक सिलिंडरच्या इनटेकला मधे एक जादा रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी दांडी, असतो. इंजिन वर फिरायला लागलं की ऑइलच्या प्रेशरनं एक पिन सरकते, तिन्ही रॉकर एकत्र बांधले जातात आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतात. सगळा खेळ ऑइलचा आहे. ऑइल वेळेवर बदललं नसेल तर सोलेनॉइडची बारीक जाळी चोंदते, ‘तो दुसरा जोर’ येतच नाही आणि माणसाला वाटतं इंजिन संपलं. आधी जाळी साफ करून बघा. धूर रात्रभर उभी राहिल्यावर स्टार्ट करताना पहिला भपका येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, रेस देताना सतत निळा येत असेल तर रिंगा.

ऑक्टोबरात आम्ही पन्हाळ्याला गेलो. वाघबीळच्या पुढं चढाला मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला आणि आवाजच बदलला, जणू दुसरी गाडी आतून जागी झाली. दाजी शेजारी बसून काचेबाहेर बघत होते, पण त्यांचे डोळे भरले होते हे मला दिसलं. त्या दिवसासाठी मी आजही त्यांचा ऋणी आहे.

मग जुलै २०२१ चा पाऊस आला. आमच्या घराकडं पुराचं पाणी येत नाही, गाडी दारात उभी. तरी ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं. सुकवलं, पुन्हा ओलं. शेवटी सीट काढून कार्पेट उचललं. खाली काळं डांबरासारखं जाड थर दिलेलं, त्याखाली फायबरची पट्टी, त्याखाली मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो सरळ आरपार जाऊन फरशीला लागला. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात वायसरच्या मागं वाळलेला गाळ होता, नदीचा, बारीक मऊ. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतल्या टोकाला मातीची रेघ. इंजिनमधल्या त्या राखाडी लगद्याचा अर्थ मला तेव्हा लागला, तोही गाळच होता.

ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूरचा महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ च्या वर गेली होती. शिरोलीजवळ महामार्ग दिवसेंदिवस बंद होता. शाहूपुरी, दुधाळी, बावडा, किती गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या असं वाटतं का? माझी गाडी त्यातली एक होती. कागद नंतर नीट वाचले तेव्हा कळलं, त्या वर्षापर्यंत पॉलिसीवर नो क्लेम बोनस वाढत आलेला आणि पुढच्या पॉलिसीत एकदम शून्य, म्हणजे मधे नुकसानीचा क्लेम घेतलेला. हे माझ्या हातात पहिल्या दिवसापासून होतं. तुम्ही मालकाकडं मागच्या चार-पाच वर्षांच्या पॉलिसी मागा. देत नसेल तर उठा.

डेंटर म्हणाला, वेल्डिंग धरायला बाजूला चांगला पत्रा लागतो, इथं टाका मारला की भोक मोठं होतंय. रनिंग बोर्ड दोन्हीकडचे बदलले, तरी मागच्या सस्पेन्शनचा आर्म जिथं बॉडीला बसतो तिथला पत्रा पापडासारखा झाला होता. तिथं माझी हिंमत संपली. त्या गाडीत मी ताईच्या मुलांना बसवत होतो. वायरिंगचे सॉकेट आतून हिरवे पडलेले, रोज एक दिवा बंद. २०२२ मध्ये रजिस्ट्रेशनची मुदत संपली, पासिंगला आरटीओच्या साहेबांनी खालनं टॉर्च मारला आणि नाही म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. तोवर माझे सगळे मिळून तीन लाख दहा हजार गेले होते. इंजिन उतरवून ठेवलं, बाकी रीतसर आरसी रद्द करून भंगारात दिली.

दाजी आजही सणासुदीला चारचौघांत म्हणतात, “इंजिन कधी बंद पडलं का सांग.” नाही पडलं, दाजी. इंजिन बंद पडलं असतं तर तुम्ही ते बनवलं असतं. पत्रा तुम्हाला बनवता आला नाही, आणि चार चाकं पत्र्यालाच लागलेली असतात.

म्हणून त्या गाडीचं इंजिन ऐकायच्या आधी कार्पेट उचला. लोहचुंबक रुमालात गुंडाळून मागच्या चाकांच्या कमानीवर आणि दाराखाली फिरवा, जिथं धरत नाही तिथं पुटीन, म्हणजे भरलेली पुट्टी आहे. सीटच्या रेलचे बोल्ट बघा, डॅशबोर्डखाली हात घालून बोटांचा वास घेऊन बघा. नुकताच रंग मारलेला असेल तर लिफ्टवर चढवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. उलट रंग उडालेली, धूर काढणारी, पण खालनं कोरडी आणि मूळ पत्र्याची गाडी मिळाली तर डोळे झाकून उचला.

कागदाचं थोडक्यात. चेसिस नंबर स्वतः घासून आरसीशी जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५, परराज्यातली असेल तर एनओसी आणि इथला टॅक्स वेगळा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. तुमची २००१ ची आहे, म्हणजे मुदत २०२६ ला येते. मालकाला विकायची घाई त्यामुळंही असू शकते. नूतनीकरण त्याच्याकडून करून घ्या आणि मगच पैसे द्या.

हेही सांगायला हवं, घरात ही एकच गाडी असणार असेल तर घेऊ नका. आणि मी एकाच गाडीवरून बोलतोय. खालनं स्वच्छ राहिलेल्या सिटी मी दोन बघितल्यात, दोन्ही कोरड्या भागातल्या होत्या. फ्युएलचे रबरी पाइप मात्र काहीही असलं तरी नवे घाला, आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला ते जुने टिकत नाहीत.

माझं इंजिन दाजींच्या वर्कशॉपात स्टँडवर आहे. पावतीसकट. दर महिन्याला ते हातानं फिरवून ऑइल वर चढवतात. तुमच्या त्या गाडीचा पत्रा चांगला निघाला आणि इंजिन खरंच गेलेलं असेल, तर कळवा. नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायची जबाबदारी तुमची, पण बसवून द्यायला दाजी पैसे घेणार नाहीत.